या पत्त्यावर कोण राहतं

४ फेब्रुवारी, मंगळ.

प्रज्ञाची निवड झाली म्हणे. कंपनी पुण्याची. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे चार्जर बनवतात, त्यातली सर्किटची कार्डं तपासायचं काम. पदाचं नाव हातभर लांब, मध्ये कुठेतरी हार्डवेअर. शेजारच्या वर्माबाईंनी विचारलं, खिळे-कब्ज्यांचं दुकान आहे का.

सुनंदानं, तिच्या आईनं, साखर वाटली. मीही चिमूटभर तोंडात टाकली, पण मला हे पटलेलं नाही. पोरगी इलेक्ट्रिकलची इंजिनिअर होऊन दोन वर्षं घरी. सरकारी परीक्षा झाल्या, रायपूरच्या चकरा झाल्या, कोणी दारात उभं केलं नाही. आणि हे लोक लॅपटॉपवर तीनदा बोलले आणि या म्हणाले? पैसे मागितले नाहीत. ओळख विचारली नाही. पूर्ण नाव विचारलं, तिनं सांगितलं प्रज्ञा रामटेके, त्यावर पुढे काहीच विचारलं नाही. इथल्या पोलादाच्या प्लांटात छत्तीस वर्षं काढली, पूर्ण नाव विचारून तिथंच थांबणारा माणूस मला फार क्वचित भेटला.

पैसे मागितले असते तर निदान चोर आहेत हे तरी कळलं असतं.

५ फेब्रु., बुध.

कंपनीची वेबसाईट पाहिली. फोटोतले सगळे हसताहेत. कारखान्यात एवढं हसतं कोण? एकाच्याही बाहीला डाग नाही. नकाशावर पत्ता शोधला. इमारत आहे, पण पाटी झाडाआड. मुद्दाम असेल.

प्र. म्हणाली, "बाबा, झाड तं बाहेरचं हाये. थेबी कंपनीनंच लावलं का?"

हसतेय. हसू दे. लाईन बंद आहे असं कोणीही छातीवर हात ठेवून सांगितलं तरी टेस्टर लावल्याशिवाय मी तारेला हात लावत नाही. म्हणून आज दहाही बोटं शाबूत आहेत.

८ फेब्रु., शनि.

क्रेन बंद. मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या ड्राईव्हचं कार्ड जळालं. पूर्वी पॅनेल उघडायचं, रिलेचे कॉन्टॅक्ट कानशीनं घासायचे, अर्ध्या तासात गाडी चालू. आता कार्ड काढायचं, पेटीत घालायचं, बाहेरगावी पाठवायचं, दुसरं लावायचं. आम्ही इलेक्ट्रिशियन राहिलो नाही, पार्सलवाले झालो. प्लांटातल्या आमच्या शॉपमध्ये मी लागलो तेव्हा हजेरीला रांग लागायची. आता आमची माणसं एका बाकावर मावतात, बाकी सगळे ठेक्याचे.

घरी हेच बोललो. म्हटलं, या लाईनीत काय ठेवलंय, तुझ्या वर्गातले सगळे कोडिंग शिकून हैदराबादला गेले, एकटी तूच तारा धरून बसलीस.

प्र. ताटातला भात सारखा करत म्हणाली, "थे कार्ड पेटीत घालून पाठवता नं तुमी? मंग कुठंतरी कोनीतरी थे उघडूनबी पाहत असंन. मले थो मानूस व्हायचं हाये."

मी दही मागितलं.

११ फेब्रु., मंगळ.

पत्र आलं, मेलवर. चष्मा पुसून तीनदा वाचलं. १० मार्चला हजर व्हायचं. दोन वर्षांचा बॉण्ड. मूळ सर्टिफिकेटं "पडताळणीसाठी" सोबत आणायची. पडताळणीसाठी! शॉपमधल्या मेश्रामच्या पुतण्याची सर्टिफिकेटं अशीच एकानं पडताळणीसाठी घेतली होती, ती सोडवायला वर्ष गेलं. प्र.ला म्हटलं, झेरॉक्स दे. म्हणाली, दाखवायची आहेत, द्यायची नाहीत. मी म्हटलं, दाखवताना हातातून सोडू नको. ती कपाळाला हात लावून आत गेली.

साहूशी बोललो. साहू म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर, वीस वर्षांपासून एकाच कपातला चहा आम्ही दोघं बशीत ओतून पितो. तो म्हणाला, "नोनी के चिंता झन कर भैया, मैं बइठे हंव न." पोरीची काळजी सोड, साईट इंजिनिअर म्हणून लावून देतो म्हणाला. मरोद्याच्या बाजूला काम आहे, पोरगी घरून डबा घेऊन जाईल, संध्याकाळी घरी. साहूनंही पैसे मागितले नाहीत. पण साहूची गोष्ट वेगळी. त्याला मी ओळखतो.

प्र.ला सांगितलं. "ठेक्यात मले कार्ड उघडू देतीन का बाबा? रजिस्टर भरायले लावतीन."

मी म्हटलं, रजिस्टर भरणारा उपाशी राहत नाही.

१३ फेब्रु., गुरु.

दु. १.४०. डबा खाऊन बाकावर बसलो होतो. अनोळखी मोबाईल नंबर. बाईचा आवाज, साखरेत घोळवलेला.

"सर, प्रज्ञा रामटेके इसी पते पर रहती हैं?" आणि पत्ता वाचला. सेक्टर, सडक, क्वार्टर नंबर, सगळं पाठ.

म्हटलं, नंबर कुठून मिळाला? म्हणे, कँडिडेटनं दिला, व्हेरिफिकेशन आहे. कितने साल से रहती हैं, घर में और कौन-कौन है. बघा! घरात कोण कोण आहे हे चोराशिवाय कोणाला हवं असतं?

म्हटलं, "इस नाम का कोई यहाँ नहीं रहता. राँग नंबर."

"पक्का, सर?"

"पक्का."

ठेवला. नंबर ब्लॉक केला. बरी जिरवली. शॉपमध्ये सांगितलं तर दोघातिघांनी पाठ थोपटली. घरी बोललो नाही, प्र. उगाच डोकं खाईल.

१७ फेब्रु., सोम.

सुट्टी टाकून प्र.सोबत सुपेल्याच्या बाजारात. सुनंदानं बॅग आधीच घेऊन दिली होती. मल्टीमीटर मात्र मी घेणार होतो. पहिल्या दुकानातल्यावरचा शिक्का खोटा वाटला, दुसऱ्याचा डबा एकदा उघडलेला होता, तिसऱ्या दुकानदाराला आठ वेळा बॅटरी काढायला लावली. शेवटी तो म्हणाला, "अंकल, मीटर ले रहे हो कि मेरी कुंडली?" प्र. काउंटरला टेकून हसत होती. दोन वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "बाबा, पहिला बोर्ड तपासला का तुमाले फोटो पाठवीन."

तेव्हा मला त्या फोनची आठवण झाली. गर्दीच्या चौकात होतो, गाडी सांभाळली.

तो फोन चोराचाच होता. असणारच.

१९ फेब्रु., बुध.

मेल आला. प्र.नं मोठ्यानं वाचला आणि मग मनात पुन्हा वाचला. दिलेल्या पत्त्यावर उमेदवार राहत असल्याची खात्री झाली नाही, पुढची सूचना येईपर्यंत जॉयनिंग थांबवण्यात येत आहे.

"मी इथंच तं राहते! जन्मापासून इथंच राहून राहिली मी! कोनाले विचारलं यायनं?"

सु. पदराला हात पुसत बाहेर आली. वर्माबाईंना विचारलं असेल का, पोस्टमनला विचारलं असेल का, असं दोघींचं सुरू झालं. तेव्हाच सांगायला हवं होतं. बाई गोड बोलत होती, पत्ता बरोबर होता, नाव बरोबर होतं. चोर नव्हतीच ती.

मी काय म्हणालो? म्हणालो, "पाहा, मी म्हनत होतो नं? फ्रॉड हाये."

२० फेब्रु., गुरु.

शॉपच्या लॉगबुकात खोटं लिहिलं तर चार्जशीट मिळते. तिथं रकाने ठरलेले: वेळ, बिघाड, कारण, उपाय. छत्तीस वर्षांत एक ओळ खोटी लिहिली नाही. तीच सवय म्हणून ही वहीही लिहितो. वहीत खरं आहे. घरात नाही.

प्र.नं कंपनीला दोन मेल केले. फोन लावला, उचलत नाहीत. जेवली नाही.

२२ फेब्रु., शनि.

साहूकडे नेलं तिला. ती यायला तयार झाली हेच मला टोचलं. कालपर्यंतची प्र. आली नसती.

मरोद्याला ठेकेदाराचं टपरीवजा ऑफिस. साहूनं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, गेटपासचा फॉर्म पुढे केला. प्र.नं नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, खालच्या रकान्यापाशी थांबली. तिथं आधीच लिहून ठेवलं होतं: हेल्पर.

"काका, ये क्या है?"

साहू हसला. "अरे नोनी, कागज के बात आय. काम त इंजिनियर के करबे."

प्र.नं पेनाला टोपण लावलं. "नहीं काका." आणि उठली. साहूला यात काही वावगं वाटलंच नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. चहा तसाच राहिला.

पुण्याच्या पत्रावर मी भिंग घेऊन बसलो होतो. साहूला मात्र एकदाही म्हटलं नाही, कागद दाखव. ओळखीच्या तारेला टेस्टर लावत नाही माणूस, आणि झटका तिथंच बसतो.

परत येताना ती मागे बसली आहे की नाही, हे पाहायला दोनदा मान वळवली.

२५ फेब्रु., मंगळ.

आज जे झालं ते प्लांटात माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

आमच्याकडे नियम आहे. मशीनला हात लावणाऱ्या प्रत्येकानं मेन स्विचवर आपापलं लाल कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय सप्लाय येत नाही. दुसऱ्याचं कुलूप कोणी काढत नाही, मग कितीही मोठा साहेब येवो. किती जणांना मी यावरून झापलंय. एकाला तर लग्नाच्या मांडवातून बोलावलं होतं.

आज कुलूप तसंच लटकवून मी घरी निघालो. सुपेल्यात मेथी घेत होतो, फोन आला. "रामटेकेजी, ताला आपका लटका है. क्रेन खड़ी है."

मेथीसकट उलटा फिरलो. सगळी शिफ्ट क्रेनखाली उभी. इन्चार्ज मिश्रासाहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं, "किसका ताला है?" ठाऊक असलं तरी विचारावं लागतं, आणि ज्याचं असेल त्यानं तोंडानं सांगावं लागतं.

"मेरा है."

उघडलं. रजिस्टरवर सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, लक्ष नव्हतं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. रिटायर व्हायला पाच आठवडे उरलेत.

घरी आलो तर प्र. ओसरीत जुन्या इन्व्हर्टरचं कार्ड उघडून बसलेली, नवा मल्टीमीटर हातात. उठून पाणी दिलं. "काय झालं बाबा, उशीर?" म्हटलं, कुलूप राहिलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं कुलूप राहतं, यावर तिचा विश्वास बसेना.

सांगणार होतो. मेथी निवडत बसलो.

२६ फेब्रु., बुध.

सकाळी. बूट घालून झाले होते. पुन्हा काढले.

म्हटलं, "प्रज्ञू, तेरा तारखेले फोन आला होता. तुयं नाव घेऊन विचारत होते. मी म्हनलं, इथं या नावाचं कोनी राहत नाई."

सु.च्या हातातलं लाटणं थांबलं. प्र.नं एवढंच विचारलं, "कावून?"

"मले वाटलं, चोर हायेत."

"आन् मेल आला तवा? तवा तं समजलं होतं नं तुमाले?"

मी बुटाच्या नाड्या पाहत होतो.

"सात दिवस, बाबा. सात दिवस मी त्या लोकायले शिव्या देऊन राहिली." मग आवाज बारीक झाला. "मले घरातूनच पुसून टाकलं तुमी."

आत गेली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. हळू लोटलं.

ड्यूटीवर गेलो नाही. सु. दिवसभर माझ्याशी बोलली नाही, वाढलं मात्र वेळेवर.

२८ फेब्रु., शुक्र.

प्र. येऊन समोर बसली, कोरा कागद ठेवला. "लिहून द्या. तुमच्या हातानं. फोन तुमी उचलला, आन् तुमी नाई म्हनलं."

लिहिलं. तारीख, वेळ, काय विचारलं, काय उत्तर दिलं. रिपोर्टसारखं सरळ लिहिता आलं, कारणापर्यंत. तिथं लिहिलं, गैरसमज झाल्यामुळे.

तिनं वाचलं. "गैरसमज नोयता थो."

म्हटलं, मग काय लिहू?

"तुमालेच ठाऊक." फोटो काढला, मेलला जोडला, गेली. गैरसमज तसाच राहिला.

३ मार्च, सोम.

उत्तर नाही. १० तारीख आठवड्यावर. बॅग पलंगाखाली, दुकानाचं लेबल अजून लावलेलं.

प्र. गरजेपुरतं बोलते. बाबा, पाणी भरलं. बाबा, सिलेंडरवाला आला.

शेवटी सु. बोलली. कपड्यांच्या घड्या घालत, माझ्याकडे न पाहता. "तुमाले कंपनीचा डाऊट नव्हता जी. एकतीस तारखेले तुमची नोकरी सुटते, मंग हे क्वार्टर सुटते. मोहन नगरच्या दोन खोल्यांत आपन दोघंच. पोरगीबी गेली तं दिवसभर संशय कोनाचा घ्यान?"

मी चिडलो. बॉण्डचं काय, म्हटलं. मेश्रामच्या पुतण्याचं काय. ती म्हणाली, "थेबी खरं असंन. मी कुठं नाई म्हनून राहिली?"

कारणाचा रकाना इथं भरतो. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. फोन वाजला, बाईनं नाव घेतलं, आणि कोणीतरी पोरीला न्यायला आलंय असं वाटून मी नाही म्हटलं. चोराचं निमित्त नंतर सुचलं की आधी, ते मला आता नक्की सांगता येत नाही. शॉपमध्ये कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

आणि तरी ती कंपनी मला पूर्ण पटलेली नाही. एवढा घोळ झाला, तर एक माणूस फोन उचलत नाही? पोरगी तिकडे अडचणीत सापडली तर यांना कुठे गाठायचं?

५ मार्च, बुध.

दोन ओळींचा मेल. प्रत्यक्ष पडताळणीसाठी माणूस येईल, त्याचं नाव, त्यानंतर निर्णय कळवू. कधी येईल, लिहिलेलं नाही. प्र.नं मेल मला दाखवला नाही, सु.ला दाखवला. सु.नं मला सांगितलं.

सुट्टीचा अर्ज दिला. दारात खुर्ची टाकून बसलो.

६ मार्च, गुरु.

सकाळी साडेदहाला मोटारसायकल थांबली. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र. मी ओळखपत्र हातात घेऊन पाहिलं, उलटून पाहिलं. कंपनीच्या मेलमध्ये माणसाचं नाव आलं होतं, सु.ला आत पाठवून ते जुळवलं. नंतर ओळखपत्रावरच्या नंबरला फोन लावला. त्याच्याच सॅकमध्ये वाजला. तो म्हणाला, "अंकल, संतुष्ट?"

आतून प्र.चा आवाज आला, "बाबा!" आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं मला दटावलं. बरं वाटलं.

त्यानं गेटचा फोटो काढला, क्वार्टर नंबरचा काढला. मग फॉर्म काढला. प्र. दारापर्यंत आली, पण पुढे झाली नाही. चौकटीला टेकून उभी राहिली. उत्तर मीच द्यायचं होतं, सगळ्यांसमोर, तोंडानं.

"प्रज्ञा रामटेके यहाँ रहती हैं?"

"रहती है."

"आप कौन?"

"बाप."

त्यानं मान वर केली. तुम्हीच फोनवर नाही म्हणाला होतात का, असं विचारेल असं वाटलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही.

"कब से रहती हैं?"

"पैदा हुई तब से."

लिहिलं. पेन पुढच्या रकान्यावर ठेवून म्हणाला, "और कब तक?"

मी म्हटलं, कब तक म्हणजे? हे काय विचारणं झालं? त्यानं फॉर्म माझ्यासमोर धरला. छापलेलंच होतं, से आणि तक, दोन चौकटी शेजारी शेजारी. "खाली नहीं छोड़ सकते, अंकल. क्या लिखूँ?"

मी मागे पाहिलं. प्र. माझ्याकडे पाहत नव्हती. पलंगाखालून ओढून ठेवलेल्या बॅगेकडे पाहत होती. लेबल आज काढलेलं होतं.

"लिखो," मी म्हटलं. "अभी तक."

त्यानं लिहिलं. रिपोर्ट आज जाईल, पुढचं कंपनी जाणे, म्हणाला. सहीसाठी फॉर्म माझ्याकडे दिला. त्याचं पेन नेमकं तेव्हाच बंद पडलं. दोनदा झटकलं, कागदावर गिरवलं, उमटेना.

प्र. आत जाऊन स्वतःचं पेन घेऊन आली. टोपण काढून माझ्या हातात दिलं.